नऊ महिने पुरत नाहीत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण घटवण्याचे उद्दिष्ट आपल्या खात्याने ठेवले आहे, त्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो सुरुवात कुठून धरली याला. गरोदरपणाची नोंद झाली की योजना सुरू होते आणि बाळाचे वजन झाले की संपते. २५०० ग्रॅमच्या आत भरलेले बाळ त्या वर्षीच्या तक्त्यात एक आकडा होऊन बसते. ते बाळ मुलगी असेल, तर काही वर्षांनी तीच पोटुशी होऊन आपल्याच दवाखान्यात येते, आणि ती स्वतः जन्मली तेव्हा किती वजनाची होती हे तिला कुणी विचारत नाही. मी प्रसूतिकक्षात परिचारिका होते. केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब, आधीची बाळंतपणे, सगळ्याला रकाना होता. याला नव्हता.

तो हवा. कॅलिफोर्नियातल्या आई आणि मूल अशा दोन पिढ्यांच्या जन्मनोंदी जोडून जॅनेट करी आणि एनरिको मोरेट्टी या दोन अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सख्ख्या बहिणींची तुलना केली. आई तीच, तरीही ज्या बहिणीचे जन्मवजन कमी होते, तिच्या बाळाचेही कमी असण्याची शक्यता दुसरीपेक्षा जास्त निघाली. महोदय, त्या अभ्यासातली पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे : गरीब वस्त्यांत राहणाऱ्या आयांमध्ये हा दुवा अधिक घट्ट होता. नुसत्या रक्ताचा मामला असता, तर वस्ती बदलल्याने तो सैल का व्हावा?

‘आमच्याकडे सगळे लहान चणीचेच’ हे वाक्य मी आज्यांच्या तोंडून ऐकले आहे आणि डॉक्टरांच्याही. ते अगदीच खोटे नाही. जन्मवजनावर परिणाम करणाऱ्या जनुकीय जागा २०१९ पर्यंत १९० सापडल्या होत्या. त्यांतली एक तर मोठी गमतीची आहे. ग्लुकोकायनेज नावाच्या जनुकातला एक दोष बाळात असेल, तर त्याचे वजन सुमारे अर्धा किलो घटते. तोच दोष आईत असेल आणि बाळात नसेल, तर आईच्या रक्तातली वाढीव साखर मिळून बाळ उलट वजनदार होते. एकच जनुक, पण ते कोणाच्या अंगात आहे यावर निकाल फिरतो. वडिलांकडूनही काही वाटा येतोच. शिवाय दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ वेगळे, पोटात वाढ खुंटलेले वेगळे, आणि मुळात लहान पण ठणठणीत असलेले तिसरेच. काट्यावर तिघे सारखे दिसतात. प्रत्येक लहान बाळाला आजारी ठरवा, असे माझे म्हणणे नाही.

पण ‘घराण्यातच आहे’ म्हटले की पुढचे काम थांबते, हा माझा अनुभव आहे. म्हणून दोन गोष्टी सांगते. १९३८ मध्ये केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी धिप्पाड शायर घोडे आणि ठेंगणी शेटलँड तट्टे यांचा संकर केला. दोन्ही बाजूंनी जनुकांचा वाटा निम्मा-निम्मा. तरी शायर घोडीच्या पोटी आलेले शिंगरू जन्मतः मोठे आणि शेटलँड घोडीच्या पोटी आलेले लहान. आईच्या शरीरात जागा आणि पोषण किती, यावर बरेच काही ठरले.

दुसरी गोष्ट माणसांची. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी तपासल्या. १९९७ च्या त्यांच्या निबंधात अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांच्या बाळांचे सरासरी वजन ३४४६ ग्रॅम होते, आफ्रिकेत जन्मून तिथे आलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचे ३३३३, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचे ३०८९. दोष वंशाचा असता, तर थेट आफ्रिकेतून आलेल्यांची बाळे सगळ्यांत लहान असायला हवी होती. पुढे त्यांच्याच गटाने एक पिढी आणखी खाली पाहिले. युरोपातून आलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या वंशजांत जन्मवजन वाढले होते, आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांत घटले होते. घराणे तेच राहिले आणि वजन खाली आले. समाज ज्या वागणुकीत मुलींना वाढवतो, तिचाही वारसा होतो. तो मोडणे मात्र सरकारच्या आवाक्यात असते.

हे चालते कसे? मुलीची स्त्रीबीजे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात, म्हणजे आजीच्या गरोदरपणात नातवंडाचे बीज तिथे असते, हे लोकांना फार भावते. त्या बीजावर आजीच्या हालअपेष्टांचा नेमका किती ठसा उमटतो, यावर वाद आहेत. मला साधी कारणे पुरतात. लहान जन्मलेल्या मुलीची पहिल्या दोन वर्षांत आबाळ झाली, तर तिची उंची खुंटते आणि ती पुढे फारशी भरून निघत नाही. ठेंगण्या, किरकोळ अंगाच्या आईच्या पोटात बाळाला वाढायला कमी मिळते. त्यातून ती सोळा-सतराव्या वर्षी गरोदर राहिली, की तिची स्वतःची वाढ आणि बाळाची वाढ एकाच ताटावर बसतात. मग पाळणा लवकर पुन्हा हलला तर शरीर भरून यायला सवडच नाही. दोन बाळंतपणांत अंतर ठेवा, मूल झाल्यावर पुढच्या गर्भधारणेआधी निदान २४ महिने जाऊ द्या, हे जागतिक आरोग्य संघटना उगाच सांगत नाही.

आता खर्चाचे बोलू. गरोदरपणात प्रथिने आणि उष्मांकांचा समतोल पूरक आहार दिला, तर जन्मवजन सरासरी सुमारे ४० ग्रॅमने वाढते. तो द्यावाच, कुपोषित आईला तर नक्कीच. पण मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात काही गावांतल्या लहान मुलांना प्रथिनयुक्त पेय दिले गेले आणि शेजारच्या गावांत नुसते गोड पेय. त्या मुली मोठ्या होऊन आया झाल्या, तेव्हा प्रथिनयुक्त पेय प्यालेल्या मुलींची बाळे शंभर ग्रॅमहून थोडी अधिक वजनाची निघाली. तो आहार त्यांना बालपणी मिळाला होता, गरोदरपणी नव्हे. एवढी वाट पाहायची तयारी कोणत्याही अर्थसंकल्पात नसते, हे मला कळते.

म्हणूनच उद्दिष्टाच्या मुदतीबद्दल बोलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने २०१२ मध्ये ठरवले की कमी वजनाच्या जन्मांचे प्रमाण २०२५ पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायचे. २०२० मध्ये जगात ते प्रमाण १४.७ टक्के होते, म्हणजे २०१२ च्या मानाने जेमतेम हलले. तेरा वर्षांत पिढीसुद्धा बदलत नाही. वरून दबाव आला की खाली काय होते, तेही सांगते : काटा २४६० दाखवतो आणि वहीत २५०० लिहिले जाते. जन्मनोंदींत २५०० या आकड्याभोवती अशी दाटी होते, हे कोणताही सांख्यिकी अधिकारी आपल्याला दाखवील. कृपया या टक्केवारीवर कुणाची बढती किंवा पगारवाढ टांगू नका.

त्यापेक्षा नोंदी जपा. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविकांनी बाळांची जन्मवजने आणि वर्षाच्या वयाची वजने वह्यांत लिहून ठेवली. त्या वह्या टिकल्या, म्हणून १९८९ मध्ये डेव्हिड बार्कर या संशोधक डॉक्टरांना जन्मवजन, वर्षाचे वजन आणि पुढे हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचा संबंध दाखवता आला. त्या बायकांना कुणी संशोधक म्हटले नव्हते.

माझे मागणे असे. गरोदरपणाच्या नोंदणीत आईचे स्वतःचे जन्मवजन आणि ते आठवणीतून सांगितले की कागदावरून, हे लिहा. आज जन्मणाऱ्या प्रत्येक मुलीचे वजन, ती किती आठवड्यांची जन्मली यासह, ती मोठी झाल्यावर तिच्याच हाती राहील अशा नोंदीत ठेवा. कमी वजनाच्या मुलींची यादी दोन वर्षांपर्यंत आणि पुन्हा वयात येताना उघडा. मात्र त्यांना भराभर वजनदार करण्याच्या मागे लागू नका, कारण लहान जन्मून पुढे झपाट्याने लठ्ठ होणाऱ्यांना मधुमेहाचा धोका वाढतो. आणि ही माहिती सुनेला दोष द्यायला वापरली जाणार नाही, याची लेखी तजवीज करा. ‘हिच्या माहेरचीच खोट’ असे म्हणायला लोकांना फार वेळ लागत नाही.

वार्षिक अहवालात आणखी एक तक्ता हवा : या वर्षी कमी वजनाने जन्मलेल्या मुलींपैकी किती जणींची दोन वर्षांची उंची वयाप्रमाणे भरली. तो तक्ता कधीपासून छापणार, एवढे कळवावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका