आठ वाजताचा गजर

प्रिय सखे,

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. तीनदा उत्तर लिहायला बसले आणि तिन्ही वेळा कागद फाडले. जे उतरत होतं ते पुन्हा समुपदेशकाचंच होतं, आणि तुझी तक्रार तर नेमकी तीच. "आई गेली त्या आठवड्यात तुझा फोन आला, पण पेशंटशी बोलावं तशी बोललीस माझ्याशी. मला तू हवी होतीस, थेरपिस्ट नको होती."

खरं आहे ते. मला तो फोन शब्दन्‌शब्द आठवतो. तू बोलता बोलता थांबलीस आणि मी म्हणाले, "किती अवघड जात असेल तुला, मी समजू शकते." आवाज मऊ, संथ, सेशनमध्ये असतो तसा. मग झोप लागते का, जेवतेस का, सोबत कोण आहे, असे एकामागून एक प्रश्न. तू बिचारी सगळ्यांची उत्तरं देत गेलीस. शेवटी "स्वतःची काळजी घे" म्हणून मी फोन ठेवला, आणि पुढचे आठ महिने नुसते मेसेज पाठवत राहिले.

काकूंबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. ज्यांनी माझ्या सायकलचं सीट धरून गल्लीभर धावत मला शिकवलं, घरी ओरडा बसला की ज्यांच्या स्वयंपाकघरात मी येऊन बसायचे आणि ज्यांनी कधीही "काय झालं" असं विचारलं नाही, त्यांच्याबद्दल एक अक्षरही नाही.

असं का झालं हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही दुसऱ्याच एका व्यक्तीमुळे.

त्याच पंधरवड्यात माझ्याकडे एक क्लायंट येत होती. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, तपशीलही बदललेत. वडिलांशी तिचा वर्षानुवर्षांचा अबोला. पाचव्या की सहाव्या सेशनला ती पहिल्यांदाच वडिलांच्या हातांबद्दल बोलायला लागली. ते ब्लेडने पेन्सिलीला टोक कसं काढायचे, शिसं जरासुद्धा मोडू न देता, आणि पेन्सिल तिच्याकडे देताना टोक आपल्या बाजूला कसं धरायचे. एवढं बोलून ती थांबली. ओठ थरथरले. आणि मी घड्याळाकडे पाहिलं.

आमचं घड्याळ क्लायंटच्या खुर्चीमागे, आमच्या नजरेसमोर लावलेलं असतं. मान न वळवता वेळ कळावी यासाठी ती सोय. पण डोळे हललेले समोरच्याला कळतातच. ती सावरून बसली, पर्स जवळ ओढली, म्हणाली, "वेळ झाली असेल ना?" अजून तेरा मिनिटं शिल्लक होती. पुढच्या वेळी ती उशिरा आली आणि सगळा वेळ ऑफिसातल्या बदल्यांबद्दल बोलत राहिली.

मी हे सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आमच्या केसेस ज्या अनुभवी थेरपिस्टसमोर ठेवतो त्या बैठकीत, मांडलं. मला वाटलं, वेळ कशी सांभाळायची यावर चर्चा होईल. बाईंनी एकच विचारलं, "ती थांबली तेव्हा तुला कुठे पळायचं होतं?" आणि मला एकदम हुंदका फुटला. कारण त्या क्षणी मला सायकलच्या सीटवरचा काकूंचा हात दिसत होता. तो मी महिनाभर कुणालाच दिसू दिला नव्हता, मलासुद्धा. तुला फोन केला तेव्हाही तेच. तू थांबलीस त्या जागी मी रडले असते, म्हणून मी प्रश्न विचारत सुटले. दुसऱ्याच्या दुःखाशेजारी बसायचं कसब माझ्या हाती आहे आणि त्याच कसबाच्या आड मला माझं दुःख लपवताही येतं. हे इतक्या वर्षांनी मला असं समोरासमोर भेटलं.

आमच्या क्षेत्रात एक जुना प्रयोग आहे, १९७० च्या दशकातला, एडवर्ड ट्रॉनिक यांचा. आई बाळाशी नेहमीसारखी खेळत असते आणि मग ठरवून दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार करते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच जमेना की तोंड फिरवतं आणि शेवटी रडायला लागतं. फोनवर तू काय अनुभवलंस ते मला या प्रयोगाच्या फिल्ममध्ये दिसतं, आणि म्हणून आता ती फिल्म विद्यार्थ्यांना दाखवताना माझ्या घशात आवंढा येतो. पण ट्रॉनिक यांच्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. आई आणि बाळाचं रोजचं, चांगलं चाललेलं खेळणं त्यांनी क्षणाक्षणाने तपासलं, तेव्हा दोघांचा सूर जुळलेला असतो तो साधारण ३० टक्के वेळच, असं दिसलं. उरलेला सगळा वेळ चुकामूक आणि ती निस्तरणं. आणि बाळाचा भरवसा तयार होतो तो या निस्तरण्यातून.

त्या क्लायंटला मी सुपरव्हिजननंतरच्या सेशनला सांगितलं, "तुम्ही वडिलांच्या हातांबद्दल बोलत होतात तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं. तुम्ही थांबलात. ती चूक माझी होती." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरी असं कुणी कधी म्हणालंच नाही." आमचं खरं काम सुरू झालं ते त्या दिवसापासून. माझ्या हातून नजर चुकली नसती तर ते वाक्य आलंही नसतं कदाचित, पण म्हणून नजर चुकली ते बरं झालं असं मी म्हणणार नाही. तिला मधले दिवस एकटीने काढावे लागले. तुला तर आठ महिने.

तुझी माफी मागते. मेसेजमध्ये मागायची नव्हती म्हणून हे पत्र.

आता तू विचारलंयस त्याबद्दल. हे मी मला माहीत आहे म्हणून सांगते, तुला तपासून नाही.

"मी कुठल्या पायरीवर आहे?" असं तू विचारलंस. दुःखाच्या त्या पाच पायऱ्या तुला कुणीतरी पाठवल्यात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. त्या मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्याही मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. म्हणजे जाणाऱ्याबद्दल. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या आणि इतक्या पसरल्या की लोक आता स्वतःला नापास करतात. "मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का?" असं विचारणारी माणसं माझ्याकडे येतात, आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण आधीच ओझं असलेल्या माणसाच्या हातात आपण परीक्षेचा पेपर दिलेला असतो. तू कुठल्याही पायरीवर नाहीस. तू आईवाचून जगायला शिकते आहेस.

मला त्यापेक्षा जवळचं वाटतं ते शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं. त्यांच्या मते शोकात माणूस हेलकावे खात असतो. कधी गेलेल्या माणसाकडे, आठवणींकडे, रडण्याकडे. कधी समोरच्या कामांकडे, बँकेच्या कागदांकडे, नव्या दिनक्रमाकडे, अगदी हसण्याकडेही. दोन्हीकडे जाऊन येणं गरजेचं. एकाच टोकाला अडकून पडलं तर त्रास वाढतो. भाच्याने नक्कल केली आणि तू पोट धरून हसलीस, मग बाथरूममध्ये जाऊन "आईला विसरले की काय" म्हणून रडलीस, असं तू लिहिलंस. अगं, त्या पाच मिनिटांत तू दोन्हीकडे जाऊन आलीस. हसलीस तेव्हा काकू कुठे गेल्या नव्हत्या. भाच्याच्या नकलेवर त्याही तशाच हसल्या असत्या, खुर्चीच्या पाठीला धरून, डोळे पुसत. आठवतंय ना?

आणि आता त्या मोबाईलबद्दल. पत्रातला हा परिच्छेद मी सगळ्यात जास्त वेळा वाचला. काकूंचा फोन तू रोज रात्री चार्जिंगला लावतेस. संध्याकाळी आठ वाजता त्यांच्या बीपीच्या गोळीचा गजर वाजतो, तू उठतेस, बंद करतेस, स्क्रीनवरचं "गोळी" हा त्यांनी टाईप केलेला एकच शब्द बघतेस, आणि पुन्हा कामाला लागतेस. दादा म्हणतो आता पुरे, यातून बाहेर पड. आणि तू मला विचारतेस, हे वेडेपणाचं लक्षण आहे का?

नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९१७ मध्ये शोकावर लिहिलं तेव्हा गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम, असा त्याचा सूर होता, आणि ते आपल्या सगळ्यांच्या बोलण्यात मुरलंय. पण १९२० मध्ये त्याची स्वतःची मुलगी सोफी गेली. नऊ वर्षांनी मुलगा गमावलेल्या एका स्नेह्याला त्याने पत्र लिहिलं, सोफी असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी. अशा दुःखाचा तीव्रपणा ओसरतो, पण त्या माणसाची जागा भरत नाही, आणि तसंच असायला हवं, अशा आशयाचं. शोकाचा सिद्धांत मांडणारा माणूस आपल्या लेकीच्या वाढदिवशी हे लिहितो, ते मला त्या सिद्धांताहून खरं वाटतं. पुढे १९९० च्या दशकात संशोधकांनीही गेलेल्या माणसाशी नातं चालू राहण्याकडे आजार म्हणून बघणं सोडायला सुरुवात केली. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं.

म्हणून गजर राहू दे. दादावरही रागावू नकोस. तो दिवसभर कागदपत्रांच्या मागे धावतोय, तो त्याचा हेलकावा आहे. आठ वाजता तो आवाज त्यालाही ऐकू येतो, आणि त्याला तो सहन होत नसावा, असा माझा अंदाज आहे. एकदा विचारून बघ. बंद कर असं का म्हणतोस, एवढंच. आणि उत्तर येईपर्यंत थांब.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते, कारण ती न लिहिणं मैत्रीला धरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. निदान सहा महिने उलटूनही तीव्र ओढ किंवा वेदना दिवसरात्र पाठ सोडत नसेल, आपल्या समाजात साधारण अपेक्षित असतं त्याच्या फार पलीकडे गेली असेल, आणि काम, नाती, रोजचं जगणं ठप्प होत असेल, तर त्याला मदत लागते आणि मदत मिळतेही. तू कामावर जातेस, भाच्याला शिकवतेस, मला सात पानी पत्र लिहितेस. मला काळजी वाटावी असं त्यात काही दिसलं नाही. पण मी तुझी थेरपिस्ट नाही आणि होणारही नाही, मी काकूंवर प्रेम केलंय. कधी जगणं नकोसं वाटलं, आईकडे जावं असं मनात आलं, तर त्याच क्षणी मला फोन कर, रात्रीचे तीन वाजलेले असोत. मी तुला दुसऱ्या चांगल्या माणसाकडे घेऊन जाईन, दाराबाहेर बसेन.

मी स्वतःही पुन्हा थेरपी सुरू केली आहे. दर गुरुवारी. पहिल्या दोन सेशनना मी शोकाबद्दल फार छान बोलले, सगळ्या संशोधनासकट. तिसऱ्या वेळी सायकलची गोष्ट सांगितली आणि पुढे बोलताच आलं नाही. काकू सीट धरून धावायच्या, आणि मी ओरडायचे "सोडू नका, सोडू नका." त्यांनी कधी सोडलं ते मला कळलंच नाही. मागे वळून पाहिलं तर त्या लांब उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. तू त्यांच्या शेजारी उभी होतीस, टाळ्या वाजवत. तुला तो दिवस आठवतो का? त्यांनी तेव्हा काय म्हटलं होतं ते मला कितीही प्रयत्न केला तरी आठवत नाही, आणि ते विचारायला आता तुझ्याशिवाय कुणी नाही.

शनिवारी येते. दुपारची गाडी मिळाली तर आठच्या आत पोहोचेन. गजर वाजला की बंद करू नकोस लगेच. मलाही ऐकायचाय.

तुझीच,
मी