घसरगुंडीचा पत्रा आणि बागेचे कुलूप

महोदय,
रविवारी साडेतीन वर्षांच्या नातीला घेऊन सिद्धेश्वर मंदिरात गेलो. चहूबाजूंनी तलाव, कठड्याशी उभी राहून ती मासे मोजत होती, आठ झाले की पुन्हा एकपासून. येताना घराजवळच्या बागेत थांबलो. घसरगुंडीचा पत्रा खाली उचकटलेला. नवा फ्रॉक टराटरा फाटला, मांडी वाचली एवढेच. आता रोज विचारते, "आजोबा, घसरगुंडी बरी झाली का?"

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 40 अंशांपार जातो. लेकरांना दिवेलागणीनंतरच बाहेर काढता येते आणि नेमके तेव्हाच बागेला कुलूप! (मग बाग कोणासाठी, कबुतरांसाठी?) पत्रा ठोकून घ्यावा आणि मेअखेरपर्यंत बाग रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी, ही विनंती.

– एक आजोबा, सोलापूर