निदान गोल करणाऱ्यांची नावं तरी छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

२८ जुलै २०२५ च्या अंकात क्रीडा पानाच्या अगदी तळाशी तीन ओळींची बातमी होती : नायजेरियाच्या महिलांनी मोरोक्कोला ३-२ ने हरवून आफ्रिकेचा करंडक जिंकला. एकाही खेळाडूचं नाव नाही. मी कोल्हापूरची निवृत्त क्रीडाशिक्षिका. अजूनही रोज सकाळी वीस-बावीस मुलींना फुटबॉल शिकवते, म्हणून हे पत्र.

रबातच्या त्या अंतिम सामन्यात मध्यंतराला नायजेरिया ०-२ ने मागे होती, तेही यजमानांच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. मग एस्थर ओकोरोन्क्वोने पेनल्टीवर एक फेडला. फोलाशादे इजामिलुसीने बरोबरी साधली आणि ८८ व्या मिनिटाला जेनिफर इचेगिनीने सामना फिरवला. शेवटचे दोन्ही गोल ओकोरोन्क्वोच्याच पासवर झाले. हा त्यांचा दहावा आफ्रिका करंडक. १९९१ पासून २०२३ पर्यंतचे नऊच्या नऊ विश्वचषक हा संघ खेळलाय. असे संघ जगात सातच आहेत, आणि आफ्रिकेतला हा एकटाच. १९९९ साली उपांत्यपूर्व सामन्यात ब्राझीलविरुद्ध ०-३ वरून ३-३ केले आणि जादा वेळेतल्या एका गोलने हरले. पर्पेच्युआ एन्क्वोचा चार वेळा, असिसात ओशोआला सहा वेळा आफ्रिकेची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

पण माझ्या मुलींना मी गोलांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त सांगते. २००४ मध्ये करंडक जिंकूनही बक्षिसाचे पैसे मिळेनात, तेव्हा या मुली दक्षिण आफ्रिकेतल्या हॉटेलातून हलल्याच नाहीत. २०१६ मध्ये पुन्हा करंडक, पुन्हा थकबाकी. तेव्हा त्या हातात फलक घेऊन अबुजात थेट संसदेवर चालत गेल्या. २०१९ मध्ये विश्वचषकातून बाहेर पडल्यावर फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या हॉटेलात ठाण मांडून बसल्या. २०२५ मध्ये मात्र राष्ट्राध्यक्षांनी प्रत्येकीला एक लाख डॉलरइतकी रक्कम आणि घर जाहीर केलं. हे सुखासुखी पदरात पडलेलं नाही, वीस वर्षं त्यांनी ते मागून घेतलंय.

आमच्याकडे काय होतं? एका स्पर्धेला मुलींचा एसटी खर्च मिळायचा होता. दोन वर्षं अर्ज केले, शेवटी पालकांनीच वर्गणी काढली. त्याच स्पर्धेला मुलांचा संघ गाडीने गेला. कोल्हापूर फुटबॉलवेडं आहे, तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम तुडुंब भरतं. मुलींच्या सामन्याला मात्र आया आणि मावश्याच असतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याकडे झाला, तेव्हा सात मुलींना घेऊन मी रात्रीच्या गाडीने नेरूळला गेले. डी. वाय. पाटील स्टेडियमवर नायजेरिया विरुद्ध अमेरिका. १-१, मग पेनल्टी. आमची गोलकीपर, रंकाळ्याजवळ राहणारी पोरगी, कठड्याला अशी चिकटली होती की लोखंडाचा वळ गालावर उमटला. नायजेरिया ४-३ ने जिंकली तेव्हा ती ओरडली नाही की नाचली नाही. माझा हात धरून एवढंच म्हणाली, "बाई, ती माझ्याएवढीच हाय की वो." परतीच्या गाडीत रात्रभर जागीच होती. त्या मुलींनी पुढे जर्मनीला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तेही याच मैदानावर. तो सामना आम्ही शाळेतल्या टीव्हीवर पाहिला.

ती पोरगी आता कॉलेजात आहे, अजून खेळते. क्रीडा पानाची कात्रणं वहीत चिकटवते. तुमची तीन ओळींची बातमीही तिने कापून आणली आणि विचारलं, "बाई, गोल कुणी मारलं?" मोबाइलवर शोधून मी तिला तिन्ही नावं लिहून दिली. संपादक महोदय, पुढच्या वेळी ती छापून येऊ द्यात. चौकोनात चार ओळी पुरतील.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर