डिझास्ट्रस कशाला म्हणायचं?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या गोव्यातल्या मराठी पेपरांत हल्ली ‘डिझास्ट्रस’ हा शब्द उठसूट दिसायला लागलाय. एफसी गोवा हरली की डिझास्ट्रस, पर्यटक कमी आले की सीझन डिझास्ट्रस. इंग्रजीतही तो सैल वापरतात हे मान्य, खेळाच्या पानावर तर सर्रास, पण त्याचा खरा रोख परिणामावर असतो, ज्याच्यामुळे मोठं नुकसान ओढवलं ते डिझास्ट्रस, मग तो पूर असो, आग असो नाहीतर कुणाचा चुकीचा निर्णय. मूळ इटालियन शब्दात तारा आहे, आपण ग्रह फिरले म्हणतो ना, तोच भाव. (आणि इंग्रजीत लिहिताना डिझास्टरमधला ‘टी’नंतरचा ‘ई’ विशेषणात गळतो, शिकलेली माणसंसुद्धा तो तसाच ठेवतात.)

आपला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा बघा, ज्या संकटाला तोंड देणं तिथल्या लोकांच्या ताकदीबाहेर जातं त्याला तो आपत्ती म्हणतो. जुलै २०२१ मध्ये म्हादईचं पाणी चढलं, सत्तरी, डिचोली, उसगाव, खांडेपार भागात मातीची घरं बसली, लोकांचं होतं नव्हतं ते गेलं. जुलै १९८६ मध्ये पणजीचा मांडवी पूल कोसळला, लोकांना परत फेरीबोटीच्या रांगेत उभं राहावं लागलं, नवा पूल खुला व्हायला १९९२ साल उजाडलं. ह्याला डिझास्ट्रस म्हणा. मॅचसाठी आपल्याकडे दारुण पराभव आहे, सीझन तर आपण सरळ ‘बुडाला’ म्हणतो, मग अडतं कुठे?

त्याहून जास्त खटकतं ते ‘आपत्तिजनक’. ‘आपत्तिजनक पोस्ट टाकल्याने तरुणास अटक’ असं छापून येतं, तो हिंदी अर्थ झाला, हिंदीत आपत्ती म्हणजे हरकतसुद्धा होते, मराठीत आपत्ती म्हणजे संकटच. आमच्या घरातल्या शाळकरी मुलांनी ते वाचून विचारलं की पोस्टमुळे पूर आला काय, आणि त्यांचं काही चुकलं नाही, ती मराठी म्हणूनच वाचत होती. अशा ठिकाणी ‘आक्षेपार्ह’ हा चांगला रुळलेला शब्द आहे, तो डेस्कवरच्या मंडळींनी उद्यापासून वापरावा, आणि एजन्सीची हिंदी बातमी उतरवून घेताना कुणीतरी एकदा नजर घालावी एवढी कळकळीची विनंती.

— एक नियमित वाचक, साखळी