वर्गाचे मत हात वर करून कळत नाही

संपादक महोदय,

साताऱ्यातल्या महाविद्यालयांत प्रवेश आटोपले की वर्ग प्रतिनिधी, म्हणजे मुलांच्या भाषेत सीआर, ठरवायची घाई सुरू होते. कुठे गुणपत्रिका पाहून पहिल्या आलेल्याचे नाव लिहून टाकतात, कुठे सर वर्गात हात वर करायला सांगतात. गुणांवर निवड ही १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातली पद्धत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ९९ ने निवडणूक आणली. सवय मात्र जुनीच राहिली.

याचा फटका पुढे बसतो. हे वर्ग प्रतिनिधी विद्यार्थी परिषदेत बसतात, आणि याच कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समितीत त्या परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे सदस्य असतात. ही समिती वर्षातून किमान चार वेळा बसते, वार्षिक अंदाजपत्रक तयार करते. परिषदच धड निवडलेली नसेल, तर वसतिगृहाचे पाणी किंवा ग्रंथालयाची वेळ यावर तिथे मुलांच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही.

हात वर करायला सांगितले की मागच्या बाकांवरची मुले आधी पुढचे हात मोजतात, मग आपला उचलतात. म्हणून व्हॉट्सॲपचा पोल आला. त्यात कोणी कोणाला मत दिले ते नावासकट ग्रुपला दिसते. शिवाय एकापेक्षा जास्त पर्याय निवडायची सोय आधीपासून चालूच असते. ती बंद करायची राहिली, की साठ जणांच्या वर्गात नव्वद मते पडतात आणि भांडण लागते. गूगल फॉर्म त्यापेक्षा बरा, पण एका व्यक्तीला एकच प्रतिसाद ही अट लावावी आणि ईमेल गोळा करणे बंद ठेवावे. पहिले विसरले तर एकच मुलगा दहा मते टाकतो. दुसरे विसरले तर गुप्तता गेली.

सगळ्यांत भरवशाची कागदाची चिठ्ठीच. हजेरीपटाइतक्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर विभागाचा शिक्का, नावे अकारविल्हे, फुली मारायला शेजारची रिकामी खोली. मतदान शेवटच्या तासाला कधीही ठेवू नये. परळी, मेढा, रहिमतपूरकडची मुले तोवर एसटी गाठायला निघालेली असतात, मागे राहतात ती शहरातली, आणि त्यांचेच मत वर्गाचे मत ठरते. दुसरा तास उत्तम. मोजणी उमेदवारांसमोर करावी, बाद चिठ्ठ्या वेगळ्या काढाव्यात, आकडे फळ्यावर लिहून त्याच्या कागदी प्रतीवर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

राजकारण शिरेल ही भीती खोटी नाही. हिंसाचारामुळेच नव्वदच्या दशकात या निवडणुका बंद झाल्या. पण विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच लागू केल्या आहेत: उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत, छापील पोस्टर नाही, किमान ७५ टक्के हजेरी, अर्जापासून निकालापर्यंत जास्तीत जास्त दहा दिवस. एवढे काटेकोर पाळले तर बाहेरच्या पैशाला शिरायला फार जागा राहत नाही.

मत वर्षातून एकदाच घ्यायची गोष्टही नव्हे. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेसाठी मुलांकडून फॉर्म भरून घेतात, त्यात विचारतात, ‘ग्रंथालय कसे वाटते?’ मुले ‘चांगले’वर खूण करून मोकळी होतात. त्याऐवजी विचारावे, ‘गेल्या महिन्यात किती वेळा पुस्तक न मिळता परत गेलात? कोणते पुस्तक?’ मग ग्रंथपालांच्या हातात खरेदीची यादीच येते. आणि पंधरा दिवसांत सूचना फलकावर उत्तर लागावे: काय मान्य, काय अमान्य, अमान्य असेल तर का. खाली प्राचार्यांची सही आणि तारीख.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा