कर्लिंगमधली पोरं एका स्टोनवर संपत नसतात!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या क्रीडा पानावर एका तरुण कर्लरबद्दल (कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड, म्हणजे 'स्टोन', सरकवून लक्ष्याजवळ थांबवायचा खेळ) जे आलं होतं ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. आधीच्या बातमीत 'नवी सम्राज्ञी' आणि पुढच्याच आठवड्यात सेमीफायनलचा शेवटचा स्टोन चुकला तर थेट 'दबावाखाली कोसळली', अहो, काहीतरी मधलं असतं की नाही? वय किती, तर एकवीससुद्धा नाही. त्यात परत 'बर्फावर झाडू मारणारे' वगैरे जुना विनोद आहेच, तो एक सोडून दिला.

शेवटचा स्टोन बहुतेक वेळा स्किपच, म्हणजे कॅप्टनच, टाकते, त्यामुळे जिंकलं तर फोटो तिचा आणि हरलं तर खापरही तिच्याच डोक्यावर. पण एका एंडमध्ये, म्हणजे एका डावात, टीमचे आठ स्टोन असतात, चौघी प्रत्येकी दोन टाकतात, लीडने, म्हणजे सुरुवातीला टाकणारीने, पहिलेच दोन वाईट ठेवले तर स्किपच्या हातात शेवटी उरतो तो अवघडच शॉट. जवळपास 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड, हॉग लाइन नावाच्या रेषेच्या आत हँडल सोडायचं आणि मग वीसेक सेकंद नुसतं ओरडत बसायचं, 'स्वीप, स्वीप, नको, थांबा', कारण पुढचा बर्फ ब्रशने घासला की दगड लांब जातो आणि वळतो कमी. शिवाय बर्फ काही काचेसारखा सपाट नसतो, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक उंचवटे केलेले असतात आणि मॅच पुढे जाईल तसे ते झिजतात, म्हणजे पहिल्या एंडला जो वेट, म्हणजे फेकीचा जोर, चालला तो दहाव्याला चालेलच असं नाही. हे सगळं वाचता यायला वर्षं जातात हो.

ईव्ह म्युअरहेडचंच बघा ना. स्कॉटलंडची, वडील स्वतः इंटरनॅशनल कर्लर, पोरगी गोल्फमध्ये पण इतकी चांगली की अमेरिकेतल्या स्कॉलरशिप चालून आल्या होत्या, त्या नाकारून ती कर्लिंगमध्ये राहिली (बॅगपाइपही वाजवते, हे आपलं जाता जाता). ज्युनियर वर्ल्ड गोल्ड चार वेळा, 2007, 2008, 2009 आणि 2011. 2010 ला व्हँकुव्हर ऑलिंपिकला वयाच्या 19 व्या वर्षी ग्रेट ब्रिटनची स्किप, आणि तिथे प्लेऑफसुद्धा गाठता आला नाही. तेव्हाच कोणी 'संपली' लिहिलं असतं तर 2013 चं वर्ल्ड टायटल आणि 2014 च्या सोचीतलं ब्राँझ बघून तोंड कुठे लपवलं असतं?

2018 चं ऑलिंपिक तर अजून आठवतं. ब्राँझसाठी जपानविरुद्ध, शेवटचा एंड, 4-3 ने मागे, हॅमर म्हणजे शेवटचा स्टोन हिच्याकडे. एक पॉइंट घेऊन बरोबरी करायची सोडून तिने दोन घेऊन जिंकायचा शॉट खेळला, फसला, उलट जपानलाच एक मिळाला आणि 5-3. मला विचाराल तर डिसिजन बरोबर होता, शॉट चुकला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचे लोक नेमकं हेच एकात करून टाकतात. त्यानंतर हिपचं ऑपरेशन, मग 2021 च्या वर्ल्डला पहिल्या सहात नाव नाही, म्हणजे ऑलिंपिकचं तिकीट हुकलं. मग नऊ जणींच्या स्क्वॉडमधून नवी टीम बांधली, डिसेंबर 2021 ला नेदरलँड्समध्ये लेवार्डनला शेवटच्या क्वालिफायरमधून कसंबसं आत शिरल्या, आणि फेब्रुवारी 2022 ला बीजिंगमध्ये नऊपैकी चार लीग मॅच हरूनसुद्धा गोल्ड! सेमीत स्वीडनने पहिल्याच एंडला चार घेतले होते, तरी 12-11 ने जिंकल्या, आणि फायनलला जपानला 10-3. त्याच वर्षी रिटायर झाली, वय 32.

ही एकटीच नाही. स्वीडनचा नीकलास एडिन 2004 चा ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन, पण ऑलिंपिकला 2010 मध्ये चौथा, 2014 ला ब्राँझ, 2018 ला सिल्व्हर, गोल्ड 2022 ला. बारा वर्षं! त्या फायनलमध्ये एक्स्ट्रा एंडला 5-4 ने हरलेला ब्रूस मोआट 2016 चा ज्युनियर चॅम्पियन, त्याने पुढे 2023 आणि 2025 ला वर्ल्ड टायटल घेतलंच.

ज्युनियरचं वय निघून गेलं की खरी परीक्षा सुरू होते. टीममधली एक शिक्षणाला जाते, एक नोकरी धरते, पुन्हा नवीन चौघी जमवायच्या, समोर पंधरा-पंधरा वर्षं खेळलेल्या बायका. या काळात कितीजणी गळतात ते पेपरात कधी येत नाही, कारण तेव्हा मेडलच नसतं ना.

तर विनंती एवढीच की चार वर्षांतून एकदाच जागं न होता ज्युनियर वर्ल्डचे आणि दरवर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचे निकाल छापा, छोट्या चौकटीत का होईना. आणि शेवटचा स्टोन चुकला असं लिहाल तेव्हा स्कोअर काय होता, हॅमर कोणाकडे होता आणि स्किपपुढे दुसरा कुठला शॉट होता हे दोन ओळीत द्या, मग ती कोसळली की नाही ते आमचं आम्ही ठरवू.

आपला,
एक नियमित वाचक