लकडगंजात दीड मिलिमीटरची पट्टी मिळेल का?

संपादक महोदय,

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मी किटमधून दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाची छोटी लाकडी प्रतिकृती बांधतोय. पुस्तिका इटालियनमध्ये, त्यामुळे सगळी मदार चित्रांवर. सांगाड्यावर पट्ट्या चढवताना नाळेजवळचं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचं, वळण फार छळतं. पट्टी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवायची, हळूहळू वाकवायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. मे महिन्यात मी त्या ओलसरच चिकटवल्या, वर कूलर सुरू. कूलर बंद झाला, पट्ट्या आकसल्या आणि तळाच्या कण्याजवळ फटी पडल्या. चूक माझीच.

पण पाच पट्ट्या मोडल्या त्यांचं काय? लकडगंजचा अख्खा लाकूडबाजार पालथा घातला, दीड मिलिमीटर जाडीची पट्टी कुणी कापून देईना. एक पोरगा म्हणाला, "काका, आइस्क्रीमच्या काड्या घ्या नं जी!" जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यानं मुंबईत मलबारी सागवानातून बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, आणि सागवानाच्या आमच्या विदर्भात वीतभर पट्टी मिळत नाही!

आरागिरणीवाल्यांनी आठवड्यातून एक दिवस उरलेल्या तुकड्यांच्या पातळ पट्ट्या कापून द्याव्यात. पहिलं गिऱ्हाईक मी.

– एक निवृत्त फिटर, महाल, नागपूर